रॉकेट वर गेलं हे ठीक, पण पुरावा कुठाय?

उलटमोजणी

२०१८ च्या सप्टेंबरात नेव्हाडातल्या ब्लॅक रॉक वाळवंटातून सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी 'ट्रॅव्हलर ३' नावाचं रॉकेट सोडलं. मोटर (म्हणजे इंधन भरलेलं इंजिन) नीट जळली, रॉकेट सरळ गेलं, दिसेनासं झालं. कदाचित अवकाशाच्या हद्दीपर्यंत पोचलंही असेल. पण आतली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा उड्डाणाआधी चालूच झालेली नव्हती. उंचीची नोंद नाही, वेगाची नाही. वर्षानुवर्षांची मेहनत आणि हातात शून्य आकडे.

या चमूची स्थापना २००५ ची. पहिले दोन ट्रॅव्हलर २०१३ आणि २०१४ मध्ये फसले. मग त्यांनी एक पायरी खाली उतरून लहान रॉकेट केलं, 'फॅदम २', ते मार्च २०१७ मध्ये १,४४,००० फुटांवर गेलं. नंतर वर सांगितलेला ट्रॅव्हलर ३. आणि शेवटी २१ एप्रिल २०१९ ला न्यू मेक्सिकोतल्या स्पेसपोर्ट अमेरिकेहून ट्रॅव्हलर ४. उंची ३,३९,८०० फूट, म्हणजे १०३.६ किमी. विद्यार्थ्यांनी बनवलेलं, १०० किमीची कारमान रेषा (अवकाशाची हद्द मानतात ती) ओलांडणारं पहिलं रॉकेट. २० ऑक्टोबर २०२४ ला त्याच चमूचं 'आफ्टरशॉक २' ४,७०,००० फुटांवर, सुमारे १४३ किमीवर गेलं, ध्वनीच्या साडेपाच पट वेगानं. (अमेरिकी नियमांत 'हौशी रॉकेट' म्हणजे १५० किमीच्या आत राहणारं. तेव्हा पुढच्या विक्रमाला जागा फार उरलेली नाही.)

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे बातमीत येतो तो धूर, आग आणि उलटी मोजणी. मी इंजिनिअरिंगला असताना अशा एका चमूत होतो, आता एका कॉलेजच्या पोरांना अधूनमधून सल्ला द्यायला जातो. माझं ठाम मत असं की वर जाणं हा अर्धा आणि त्यातल्या त्यात सोपा भाग आहे. मोटर विकत मिळते. उरलेला अर्धा भाग म्हणजे किती वर गेलो ते कळणं आणि एका तुकड्यात परत येणं. तो विकत मिळत नाही.

स्पर्धेतली रॉकेटं एवढी उंच जात नाहीत. यातली मोठी स्पर्धा म्हणजे आयरेक, कॉलेजांच्या चमूंची आंतरराष्ट्रीय रॉकेट स्पर्धा. २००६ ला सुरू झाली, आधी युटातल्या ग्रीन रिव्हरजवळ व्हायची, २०१७ ते २०२४ 'स्पेसपोर्ट अमेरिका कप' या नावानं न्यू मेक्सिकोत (मधला कोविडचा खंड सोडून), २०२५ पासून टेक्सासात मिडलँडला. मुख्य गट दोन, १०,००० फूट आणि ३०,००० फूट. पोटात निदान ४ किलोचं ओझं हवं. आणि गंमत म्हणजे 'जास्तीत जास्त उंच' ही स्पर्धाच नाही. १०,००० म्हटलं की १०,०००. वर गेलात तरी गुण कापले जातात, खाली राहिलात तरी.

१०,००० फूट म्हणजे ३,०४८ मीटर. टोकावर पोचल्यावर एक छोटं पॅराशूट उघडतं, त्याला ड्रोग म्हणतात. त्यावर रॉकेट सेकंदाला ३० मीटरच्या आसपास, बऱ्यापैकी वेगात खाली येतं. जमिनीपासून ४५० मीटरच्या आत आलं की मोठं पॅराशूट. आता हिशोब बघा. वारा सेकंदाला ८ मीटर धरला तर ड्रोगवर २,६०० मीटर उतरायला दीड मिनिट, तेवढ्यात रॉकेट ७०० मीटर वाहून गेलं. मोठं पॅराशूट चुकून वरच उघडलं तर उतरायला सात मिनिटं आणि रॉकेट साडेतीन किलोमीटरवर, वाळवंटात, जूनच्या उन्हात, शोधत बसा. आणि काहीच उघडलं नाही तर पंचवीसेक किलोचा भाला ताशी ७००-८०० किमीनं जमिनीत.

तुमच्यापैकी कोणी यात काम केलं असेल किंवा घरातलं कोणी करत असेल तर लिहा.

वरणफळ

मस्त धागा. कळलं नाही ते विचारते, हसू नका. पॅराशूटला कसं कळतं की रॉकेट टोकावर पोचलं?

सर्किटबोर्ड

@वरणफळ, हाच तर मुद्दा. पॅराशूटला काही कळत नाही, कळतं ते अल्टिमीटरला, म्हणजे उंचीमापकाला. तो हवेचा दाब मोजतो. वर जाताना दाब कमी होत जातो, टोक ओलांडलं की पुन्हा वाढायला लागतो. तो वाढला की अल्टिमीटर एका ठिणगीला वीज देतो, थोडी बंदुकीची दारू पेटते, तिच्या गॅसनं नळी दोन तुकड्यांत उघडते आणि पॅराशूट बाहेर फेकलं जातं. दोन तुकडे उड्डाणात धरून ठेवायला बारीक नायलॉनच्या पिना असतात, त्या या धक्क्यानं तुटतात.

दाब मोजायला नळीला छोटी भोकं पाडावी लागतात. ती चुकीच्या जागी पडली, नोजकोनच्या (रॉकेटच्या टोकदार नाकाच्या) अगदी जवळ किंवा एखाद्या उंचवट्याच्या मागे, तर दाब खोटा येतो. ध्वनीचा वेग ओलांडताना तर दाब असा काही उडी मारतो की साध्या अल्टिमीटरला वाटतं टोक आलं. मग ताशी हजार किलोमीटरला पॅराशूट बाहेर! म्हणून त्या वेगात 'आत्ता काही करू नकोस' अशी कुलूपबंदी प्रोग्रॅममध्ये घालतात.

आणि म्हणूनच दोन अल्टिमीटर, दोन बॅटऱ्या, दोन स्विच. आयरेकमध्ये त्यातला निदान एक तयार, बाजारातला हवा असा नियमच आहे. स्वतः बनवलेला कितीही भारी असो.

खडूस_काका

सगळं वाचलं. एकच प्रश्न. या पोरांनी परीक्षा द्यायच्या की वाळवंटात भाले शोधायचे? आमच्या शेजारचा मुलगा असल्याच कुठल्या टीममध्ये होता. घरातून पैसे, कॉलेजातून पैसे, स्पॉन्सरच्या दारात वाडगं. शेवटी मोटर विकतचीच. मग यांनी केलं काय? इस्रो आहे ना आपली.

उलटमोजणी

@खडूस_काका, मोटर विकतची असली तरी बाकीचं डोकं विकतचं नसतं. त्याच मोटरवर एक चमू ९,९०० फुटांवर जातो आणि दुसरा ७,००० वर. फरक वजनाचा, पृष्ठभागाच्या घर्षणाचा, फिनच्या (शेपटाकडच्या पंखांच्या) जाडीचा, आणि अंदाज खरा की खोटा याचा.

इस्रोचं म्हणाल तर २० नोव्हेंबर १९६७ ला थुंब्याहून उडालेलं आपलं पहिलं स्वदेशी रॉकेट आरएच-७५ हे ७५ मिलिमीटर व्यासाचं होतं. आजच्या स्पर्धेतली बरीच रॉकेटं त्याच्या दुप्पट जाड असतात. त्या काळातही कोणीतरी 'हे खेळणं कशाला' म्हणालंच असेल. ह.घ्या.

खडूस_काका

हलकंच घेतो. पण थुंब्यात देशाला हवामानाची माहिती मिळत होती. इथे काय मिळतं? रेझ्युमेत एक ओळ.

प्राजक्त_टेक्सास

काका, ती ओळ इथे खूप वजनदार असते बरं का, पण ती बाजूला ठेवू.

मी मास्टर्सला इथे आले तेव्हा आमच्या विद्यापीठाच्या चमूत जायचं ठरवलं होतं. तिथे कळलं की मोटरच्या कामात परदेशी विद्यार्थ्यांना घेता येत नाही. अमेरिकेत रॉकेटचं बरंचसं तंत्रज्ञान शस्त्रनिर्यातीच्या कायद्याखाली येतं, त्यामुळे अनेक चमू नागरिक आणि ग्रीनकार्डवाले सोडून इतरांना त्या खोलीतच येऊ देत नाहीत. वाईट वाटलं. मग मी ओझ्याच्या म्हणजे पेलोडच्या गटात शिरले आणि तिथून पॅराशूटकडे सरकले, कारण तिथे माणसंच नव्हती. सगळ्यांना मोटर हवी! उलटमोजणी म्हणतात ते शंभर टक्के खरं. आमच्या स्पर्धेच्या मैदानावर मी जी रॉकेटं मातीत घुसताना पाहिली त्यातली बहुतेक वर व्यवस्थित गेली होती.

अजून एक दृश्य तिथे वारंवार दिसतं. पॅराशूट उघडतं, पण उशिरा, रॉकेट वेगात असताना. मग पॅराशूटची दोरी ताणली जाऊन रॉकेटच्या नळीला कापत खाली जाते. त्याला झिपर म्हणतात. रॉकेट परत मिळतं, पण उभं चिरलेलं.

नागपुरी_संत्रा

भाऊ, तुमी सगळे अमेरिका अमेरिका करून राह्यले, आमच्या नागपुराले विसरले का? भारतात स्फोटकाचा जो काही कागद हाय तो आमच्या गावातून जातो. पेसोचं, म्हंजे स्फोटकाचे परवाने देणाऱ्या सरकारी खात्याचं, मुख्यालय नागपूरले हाय बाप्पा.

आता नीट सांगतो, या खात्याशी कामाचा संबंध आला आहे म्हणून. रॉकेटची घन इंधनाची मोटर म्हणजे कायद्याच्या भाषेत स्फोटक. १८८४ चा स्फोटक कायदा आणि २००८ चे नियम. बनवायला परवाना, ठेवायला परवाना, न्यायला परवाना. कॉलेजच्या मागच्या मैदानात पोरांनी 'साखरेचं रॉकेट' म्हणून जे काही शिजवायला घेतलं असतं ना, ते बिनपरवाना स्फोटक बनवणंच आहे, प्रोजेक्ट म्हटल्यानं माफ होत नाही. लय पोरं हे समजत नाहीत. हात गेलेली माणसं पाहिली आहेत मी. काहून करता असं?

वरणफळ

@नागपुरी_संत्रा, बापरे. मग आपल्याकडच्या मुलांनी करायचं तरी काय? सगळ्यांना अमेरिकेला जाणं परवडतं थोडंच.

उलटमोजणी

@नागपुरी_संत्रा यांच्याशी पूर्ण सहमत, +१००. इंधन घरी किंवा होस्टेलवर बनवायचं नाही, विषय संपला. या धाग्यावर कोणी कृती विचारू नये, मिळणार नाही.

@वरणफळ, बाहेर जाणारे भारतीय चमू मोटर तिकडेच घेतात, कारण विमानात ती नेता येत नाही. रॉकेटचं धड, फिन, इलेक्ट्रॉनिक्स खोक्यांत भरून न्यायचं, मोटर तिथे बसवायची. म्हणजे ज्या मोटरवर सगळं गणित बसवलं ती हातात येते थेट मैदानावर. मणिपालचा थ्रस्टएमआयटी हा यातला नावाजलेला चमू.

देशातही आता दार थोडं उघडलंय. इन-स्पेसने (खासगी अवकाश उपक्रमांना परवानगी देणारी सरकारी संस्था) अ‍ॅस्ट्रोनॉटिकल सोसायटी आणि इस्रोच्या साथीनं विद्यार्थ्यांसाठी कॅनसॅट (डब्याएवढा नकली उपग्रह) आणि मॉडेल रॉकेटची स्पर्धा सुरू केली, २०२५ मध्ये उत्तर प्रदेशातल्या कुशीनगर जिल्ह्यात उड्डाणं झाली. माझ्या मते आपल्याकडे पहिल्यांदाच पोरांना अधिकृत मैदान आणि अधिकृत मोटर असं दोन्ही एका जागी मिळतंय. उंची एखाद किलोमीटरची. कळसूबाईपेक्षा कमी, पण परत आणण्याची डोकेदुखी तीच.

स्टुटगार्टकर

वाचतोय. युरोपातली भर घालतो.

इथे स्टुटगार्ट विद्यापीठाचा हायएंड नावाचा विद्यार्थी चमू आहे. त्यांनी हायब्रिड रॉकेटवर भर दिला, म्हणजे इंधन घन आणि ते जाळायला ऑक्सिजन पुरवणारा ऑक्सिडायझर द्रव, नायट्रस ऑक्साइड. २०१६ मध्ये उत्तर स्वीडनमधल्या एसरेंजहून त्यांचं हेरॉस ३ हे ३२.३ किमीवर गेलं, तेव्हा तो विद्यार्थ्यांच्या हायब्रिड रॉकेटचा विक्रम होता. २०२३ मध्ये त्यांच्याच नॉर्थ नावाच्या रॉकेटनं ६४.४ किमी गाठले. मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या पोरांशी चुरस होती. डेल्फ्टचं स्ट्रॅटोस २+ हे २०१५ ला स्पेनमधून २१.५ किमीवर गेलं होतं. त्यांचं त्याहून मोठं स्ट्रॅटोस ३ जुलै २०१८ मध्ये वीस सेकंदांत हवेतच मोडलं. रॉकेट स्वतःभोवती फिरत होतं, फिरण्याचा वेग आणि नाक हलण्याचा वेग जुळले, आणि ते आडवं झालं. मोटरनं तोवर आपलं काम चोख केलं होतं.

नायट्रस 'सुरक्षित' म्हणून विद्यार्थी त्याकडे वळतात. तेवढंही सुरक्षित नाही. जुलै २००७ मध्ये कॅलिफोर्नियात मोहावीला नुसत्या नायट्रसच्या प्रवाहाची चाचणी घेताना स्फोट होऊन तिघं गेले. ते विद्यार्थी नव्हते, व्यावसायिक कंपनीचे लोक होते. तिथे काहीही पेटवलेलं नव्हतं.

सर्किटबोर्ड

मूळ लेखातल्या 'पुरावा' या शब्दाकडे परत येतो, कारण माझ्या मते सगळ्यात रंजक भाग तोच आहे.

बहुतेकांना वाटतं, जीपीएस लावा, उंची कळेल. नाही कळत. साध्या जीपीएस चिपना १८ किमी उंची आणि ताशी सुमारे १,८५० किमी वेगाची मर्यादा घातलेली असते, कुणी त्या क्षेपणास्त्रात वापरू नयेत म्हणून. बरं, दाबमापक? ३० किमीवर हवेचा दाब जमिनीच्या जेमतेम एक टक्का उरतो. त्याच्या वर तो नुसताच शोभेला.

मग उरतो त्वरणमापक. त्वरणाची बेरीज केली की वेग, वेगाची बेरीज केली की उंची. पण चुकांचीही बेरीज होते. मोटर बंद होतानाचा वेग एक टक्का चुकीचा धरला तर उंची दोन टक्के चुकते, म्हणजे १०० किमीला दोन किमी. त्यात रॉकेट किती कललं होतं तेही धरायचं.

आता ट्रॅव्हलर ४ चा आकडा पुन्हा वाचा. ३,३९,८०० फूट, पण त्यापुढे 'उणे-अधिक १६,८०० फूट' आहे. म्हणजे १०३.६ किमी, पाचेक किमी इकडे-तिकडे. खालचं टोक १०० च्या आतच येतं! म्हणून त्या पोरांनी 'आम्ही अवकाशात गेलो' असं छातीठोक न म्हणता 'गेल्याची शक्यता ९० टक्के' असं जाहीर केलं. माझ्या लेखी ९० टक्के लिहिण्याचं धाडस हे रॉकेटपेक्षा मोठं.

खडूस_काका

हे मात्र आवडलं. आमच्याकडे ९० टक्के शक्यता असती तर मिरवणूक निघाली असती, हत्तीवरून.

पण एक सांगा, १०० किमीच का? ९५ ला काय हवा जाड असते?

सर्किटबोर्ड

काका, रेष माणसांनीच काढलेली आहे. हवा हळूहळू विरळ होत जाते, कुठेही पाटी लावलेली नाही. आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघ १०० किमी मानतो. अमेरिकेचं हवाई दल ५० मैल, म्हणजे ८० किमी मानतं. ८० धरलं तर ट्रॅव्हलर ४ निर्विवाद पास. पोरांनी स्वतःच अवघड पेपर निवडला.

शेवग्याची_शेंग

मी आजवर फक्त वाचनमात्र होते, पण हा धागा बघून लिहावंसं वाटलं. माझी मुलगी दुसऱ्या वर्षाला आहे, मेकॅनिकल. यंदा कॉलेजच्या रॉकेट चमूत निवड झाली. तिला प्रोपल्शन, म्हणजे मोटरचं काम हवं होतं आणि टाकलं रिकव्हरीत, म्हणजे पॅराशूटनं रॉकेट परत आणण्याच्या गटात. घरी येऊन म्हणाली, "आई, मला शिवणकाम दिलंय." मुलगी म्हणून दिलं का, हाही प्रश्न तिच्या डोक्यात आहे आणि माझ्याही. तिला काय सांगू?

प्राजक्त_टेक्सास

ताई, मुलगी म्हणून दिलं असेल तर तिनं ते चमूत तोंडावर विचारावं, यात संकोच नको. आमच्याकडेही हे घडताना पाहिलंय. पण काम सोडू नको म्हणावं.

त्यात शिवण थोडी आणि गणित जास्त. पॅराशूटचा व्यास वजनावरून आणि उतरण्याच्या वेगावरून काढायचा. मोठं पॅराशूट उघडल्यावर वेग सेकंदाला ११ मीटरच्या आत हवा, तोही रॉकेट जिथे उडणार तिथल्या हवेत. २०२४ पर्यंत स्पर्धा जिथे व्हायची ते स्पेसपोर्ट अमेरिका समुद्रसपाटीपासून सुमारे १,४०० मीटरवर, त्यात जूनची गरमी, हवा पातळ. कोकणात बसून काढलेला आकडा तिथे चालत नाही. मग उघडतानाचा झटका किती, दोरी किती लांब, कुठली शिवण तो झटका सोसेल. आणि घडी! एकाच माणसानं, एकाच पद्धतीनं, दर वेळी. आमच्या चमूत घडी घालणाऱ्या मुलीखेरीज कोणी पॅराशूटला हात लावला तर ती ओरडायची. बरोबरच होतं तिचं.

उलटमोजणी

@शेवग्याची_शेंग, प्राजक्तशी सहमत. अजून एक काम तिनं मागून घ्यावं, जमिनीवरची चाचणी. रॉकेट आडवं ठेवून, माणसं लांब उभी करून, जाणत्या आणि परवानगी असलेल्या माणसाच्या हाताखाली, खरंच ते उघडतं का हे बघायचं. तेही पॅराशूट आत भरलेलं असताना. रिकामी नळी कोणाचीही उघडते. ३०,००० फुटांच्या गटात जायचं असेल तर आणखी पेच आहे. तिथे हवा इतकी विरळ की उघडी बंदुकीची दारू नीट जळतच नाही, न जळलेले कण उडून जातात. ती बंद डबीत ठेवावी लागते किंवा कार्बन डायऑक्साइडच्या छोट्या सिलिंडरनं काम करावं लागतं. यावर बसून विचार करणारं माणूस चमूत सहसा एकच असतं, आणि उड्डाणाच्या दिवशी सगळे त्याच्या तोंडाकडे बघत असतात.

आकडेमोड शिकायला ओपनरॉकेट नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. फिनलंडमधल्या एका विद्यार्थ्याच्या मास्टर्सच्या प्रबंधातून ते २००९ मध्ये आलं. घरच्या लॅपटॉपवर चालतं. त्यात पॅराशूटचा आकार बदलून रॉकेट कुठे पडतं ते दिसतं.

शेवग्याची_शेंग

दोघांचे आभार. तिला लिंक न देता हे सगळं वाचूनच दाखवलं. तोंड अजून वाकडंच आहे, पण लॅपटॉप घेऊन बसली आहे. तिनं विचारलंय, जमिनीवरच्या चाचणीसाठी ती थोडीशी दारू लागते, त्यालाही परवाना लागतो का? चमूतले सीनियर म्हणतात, "एवढ्याशाला कोण विचारतं."

नागपुरी_संत्रा

ताई, त्या सीनियरले म्हणा एवढ्याशालेच विचारतात. फटाका फोडून त्यातली दारू काढणं तर अजिबात नाही, अपघात तिथेच होतात. कॉलेजच्या लेटरहेडवर, प्राध्यापकाच्या सहीनं, काय आणि किती लागणार ते लिहून आधी पेसोच्या आपल्या विभागीय कार्यालयात विचारा. स्पर्धा इन-स्पेसची असेल तर आयोजकांना पहिले विचारा, मोटर आणि दारू त्यांच्याकडूनच हाताळली जाते का ते. तसं असेल तर पोरांना हात लावायचं कामच नाही. अर्जात काय लिहावं हे इथे सगळ्यांसमोर लिहीत नाही. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

शेवग्याची_शेंग

व्यनि केला आहे.